पडद्यासाठी थांबलेला आवाज

वहिनीची नोकरी तिच्या तोंडामुळे गेली, असं आमच्या नात्यातली माणसं एकमेकांना सांगतात. मावशी तर म्हणाली, एवढा ताठा बरा नव्हे, चार शब्द गिळले असते तर खुर्ची राहिली असती. मी तिथेच बसले होते. हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, की मावशी, नक्की काय झालं ते तुला माहीत आहे का? नव्हतं. कुणालाच नसतं, पण जिभेला हाड नसल्यावर माहिती लागते कशाला! म्हणून एकदाचं सगळं नीट सांगून टाकते. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याला आवाज चढवता येत नाही. ते खातं घरात वहिनीकडे आहे. फोनवर आवाज तुटक यायला लागला की ती समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, सरळ फोन ठेवते, मग पलीकडे तिचा सख्खा भाऊ का असेना. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, ही नखरेल आहे. नंतर कळलं की तिला ते खरोखरच सोसत नाही. कुणाला खडूची करकर सोसत नाही, तसं.

लग्न होऊन आली तेव्हा ती रेल्वे स्टेशनवरच्या घोषणांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत होती. तिथली व्यवस्था अशी होती की घोषणेचा आवाज आणि फलाटावरच्या फळ्यावरची अक्षरं, दोन्ही कामं कॉम्प्युटरमध्ये एकाच रांगेतून चालायची. फळ्यावर बरीच अक्षरं एकदम बदलायची वेळ आली की आवाज अडखळायचा आणि नेमका फलाटाचा आकडा गिळला जायचा. वहिनी एकदा तपासायला म्हणून स्टेशनवर उभी असताना एक म्हातारं जोडपं सामानासकट भलत्याच फलाटावर जाऊन थांबलं, आणि त्यांची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. म्हातारी रुळांकडे बघत मटकन पिशवीवर बसली. वहिनीने परत येऊन ते सगळं काम नव्याने लिहिलं. आवाजाला वेगळी वाट काढून दिली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं आहे, आणि ते तिने कंपन्या बदलल्या तरी सोडलेलं नाही: पडदा अडला तर माणूस वाट बघतो, आवाज अडला तर माणूस फसतो.

मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तिने मला एकदा भांडी घासताना नळ दाखवून समजावलं होतं. वर गच्चीत टाकी, खाली पंप. धार टाकीतून येते, पंपातून नाही. टाकीत थोडंसं पाणी कायम राहिलं की धार तुटत नाही. पण पंप चालवायला ठेवलेल्या माणसालाच तुम्ही भिंतीही रंगवायला सांगितल्या आणि तो रंगवण्यात गुंगला, तर टाकी रिकामी होते, नळ फुरफुरतो, आणि पाणी परत येताना आधी फटकन हवा बाहेर पडते. कॉम्प्युटरच्या आवाजाचंही अगदी तेच. पंपावर वेगळा माणूस हवा आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. भिंत उद्या रंगवली तरी कुणी मरत नाही, असं म्हणून तिने नळ बंद केला.

पुढे ती कानांच्या तपासणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेली. टायरच्या दुकानावरचा मजला, रबराचा वास, मोजकी माणसं. आवाजाचा सगळा भाग तिने एकटीने लिहिला. योगायोग असा की आमच्या केंद्रात तेच सॉफ्टवेअर आलं. मी कानांच्या तपासणी केंद्रात काम करते, पण तपासणी माझी नव्हे. श्रवणयंत्र कानात घट्ट बसावं म्हणून प्रत्येक कानाचा साचा घ्यावा लागतो, तो मी घेते. मऊ लगदा कानात भरायचा, मूल हलणार नाही असं काहीतरी बोलत राहायचं, आणि लगदा घट्ट झाला की काढायचा. माझ्या खोलीला लागूनच तपासणीची खोली. तिथे जाड दाराची, काचेच्या खिडकीची बंदिस्त केबिन आहे. मुलाला आत बसवून कानांवर हेडफोन लावतात आणि हातात लाकडी ठोकळा देतात. ठोकळा कानाशी धरायचा, सूर ऐकू आला की समोरच्या डब्यात टाकायचा. बाहेर बसलेले तपासनीस कधी जाड, कधी बारीक, मोठे-लहान सूर सोडत जातात आणि ठोकळा पडला की नोंद करतात. मुलांना हा खेळच वाटतो. आमच्या तपासनीसांसारखा सज्जन माणूस नाही, मुलाने ठोकळा चाटला तरी रागावत नाहीत.

वहिनीच्या कंपनीत सगळं बरं चाललं होतं. मग मालकांनी एक नवीन गृहस्थ आणले. सॉफ्टवेअर दिसतं कसं, एवढंच बघायचं त्यांचं काम. वहिनीने त्यांचं नाव रंगारी ठेवलं. कानामागून आला आणि तिखट झाला, म्हणतात तो हाच. आल्या आल्या त्यांचं म्हणणं पडलं की पडदा फार रूक्ष दिसतो, विकत घेणारे डोळ्यांनी घेतात. ते खरंही असेल. त्यांना हवं होतं असं, की सूर सुटला रे सुटला की तपासनीसांच्या पडद्यावर रंगीत लाटा पसरायला हव्यात, आणि लाट आणि सूर यांचा मेळ तंतोतंत बसायला हवा. मेळ बसवायचा सोपा उपाय त्यांनी काढला: सूर आणि लाट एकाच रांगेत घाला. म्हणजे पंपवाल्याच्याच हातात ब्रश.

वहिनीने भर बैठकीत सांगितलं की हे चालणार नाही. त्यांनी तिथल्या तिथे चालवून दाखवलं. ऑफिसातले कॉम्प्युटर नवे कोरे, त्यांच्यावर काय, दहा लाटा काढल्या तरी सूर हलला नाही. वहिनी म्हणाली, की केंद्रांमध्ये असली मशीन नाहीत, तिथे जुनी खटारी आहेत, तिथे नेऊन बघा. पालथ्या घड्यावर पाणी. मालक म्हणाले, तुम्हाला प्रत्येक नव्या गोष्टीत खोटच दिसते. महिन्याभरात तिला त्या कामावरून काढून बिलं छापायच्या सॉफ्टवेअरवर बसवलं. ती घरी आली आणि नुसते कपाटांच्या दारांचे आवाज आले. दादा म्हणाला, जाऊ दे, पगार तोच आहे ना? त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वह्या तपासायला उठून गेला.

लाटांचं ते नवीन सॉफ्टवेअर आमच्या केंद्रात आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं, दिसायचं छानच. आणि मग हळूहळू माझं काम कमी व्हायला लागलं. पूर्वी माझ्या दाराबाहेर बाकावर जागा नसायची. आता सकाळ सकाळ मी लगद्याचे डबे पुसत बसायचे. तपासलेली मुलं बहुतेक ठणठणीत निघत होती. आमच्या प्रमुखांनी वार्षिक सभेत त्याचं श्रेय स्वतः घेतलं, की आपण पालकांमध्ये जी जागृती केली तिचा हा परिणाम. टाळ्या पडल्या. मुलांचे कान भाषणं ऐकून सुधारतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच सुमारास ती बाई आली. वाहतूक पोलीस, गणवेशातच यायची, ड्युटी संपवून किंवा ड्युटीला जाता जाता. बरोबर सहा-सात वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी. मुलगी बोलायची, पण अर्धी अक्षरं खाऊन. स, श, फ तिच्या तोंडी यायचेच नाहीत. शाळेत बाईंनी काही सांगितलं तर भलतंच करायची. तपासणी झाली, कान उत्तम निघाले. आईने पुन्हा आणलं, पुन्हा उत्तम. तिसऱ्यांदा ती आली ती भांडायलाच. आमच्या बोळकांडीत तिने मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मागे गेली, आणि खिशातली ड्युटीची शिट्टी काढून अशी वाजवली की दोन खोल्यांतली माणसं धावत बाहेर आली. मुलगी भिंतीवरचं चित्र बघत उभी. वळलीसुद्धा नाही.

तपासनीस बिचारे घामाघूम झाले. ते म्हणाले, की मलाही चमत्कारिक वाटतंय, पण बारीक सुराला ठोकळा पडतोय हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो, मग लिहू काय? आई म्हणाली, की शाळेने सांगितलंय, कानात दोष नसेल तर दोष डोक्यात आहे. पुढच्या सत्रापासून मुलीला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसवणार, फक्त कान ठीक असल्याचा केंद्राचा शेवटचा दाखला त्यांना हवाय. तो दाखला तपासनीसांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. आजार कुठे आणि औषध कुठे! पण तेव्हा ते आम्हाला तरी कुठे माहीत होतं?

रविवारी दादाकडे जेवायला गेले होते, तेव्हा मी ही हकिकत सांगितली. वहिनी वाढत होती. शिट्टीपर्यंत आले आणि तिचा हात थांबला.

"सूर वाजतो तेव्हा पडद्यावर काही हलतं का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हलतं म्हणजे काय, लाटा येतात, तुमच्याच कंपनीच्या. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर केंद्रात आली. तपासनीसांना म्हणाली, रोज सकाळी हेडफोन स्वतः लावून बघता ना? ते म्हणाले, रोज बघतो, एकही दिवस चुकवत नाही, सूर स्वच्छ येतो. तिने विचारलं, कुठल्या पानावर? मग उलगडा झाला. रोजच्या चाचणीचं पान साधं होतं, लाटांविना. लाटा फक्त मूल आत बसल्यावर. आणि मूल आत असताना हेडफोन मुलाच्या कानांवर, बाहेरच्या माणसाला काय कळणार!

वहिनी केबिनमध्ये जाऊन बसली, हेडफोन लावले, ठोकळा घेतला. जाताना तपासनीसांना सांगून गेली, की सुराचा आवाज पूर्ण खाली करा, काहीच ऐकू येणार नाही इतका, आणि सूर सोडत राहा. त्यांनी सोडला. लाटा पसरल्या. ठोकळा पडला. पुन्हा सोडला. पुन्हा पडला. तपासनीस माझ्याकडे बघायला लागले. सूर नव्हताच, तरी ती दर वेळी बरोबर त्याच क्षणी ठोकळा टाकत होती. बाहेर येऊन तिने सांगितलं. आमच्या जुन्या मशीनवर लाट काढायच्या नादात आवाजाची टाकी रिकामी होत होती, आवाज क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होत होता, आणि सुरू होताना टक् करत होता. मोठा, जाडा टक्, सूर कितीही खाली केला तरी तेवढाच. बारीक सूर ज्याला अजिबात ऐकू येत नाही त्यालाही तो ऐकू यावा असा. मुलांना सांगितलेलं असतं की आवाज आला की ठोकळा टाका. मुलं शहाणी, सांगितलं तसं करत होती.

तपासनीसांनी सहीसाठी पडलेला तो दाखला आधी फाडला.

आता वहिनीच्या तोंडाबद्दल बोलणाऱ्यांनी हे ऐकावं. ती आधी मालकांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि शांतपणे बोलली. मालक म्हणाले, बरं झालं लक्षात आणून दिलंत, पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, मात्र बाहेर वाच्यता नको. तिने विचारलं, आजवर तपासलेल्या मुलांचं काय? तर म्हणाले, असतील चार-दोन. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांचे आईबाप आणतीलच परत. हे मला तिनेच सांगितलं. मालकांना स्वतःलाही मुलगी आहे. माणसाने कानाडोळा करावा, पण कानांच्याच धंद्यात?

मग वहिनी खोटं बोलली. माझ्या माहितीत हे एकच. मालकांना आणि रंगाऱ्यांना तिने सांगितलं की केंद्राला आणखी खोल्यांसाठी आपलं सॉफ्टवेअर घ्यायचंय, प्रमुखांना तुम्हा दोघांशी बोलायचंय. दोघं कडक इस्त्रीचे शर्ट घालून, चकचकीत माहितीपत्रकं घेऊन हजर झाले. बाहेर बाकावर ती पोलीस बाई आणि मुलगी बसलेल्या होत्या. त्यांच्याकडे दोघांनी पाहिलंही नाही.

वहिनी रंगाऱ्यांना म्हणाली, तुम्ही कधी आत बसलाच नाहीत, आज बसून बघा. ते हसत हसत बसले. आवाज पूर्ण खाली केलेला. तपासनीस सूर सोडत गेले आणि रंगारी मन लावून ठोकळे टाकत गेले. एकदाही चुकले नाहीत. खुशीत बाहेर आले.

"सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग अडचण कशात आहे?"

"आवाज बंद होता," वहिनी म्हणाली.

त्यांना आधी कळलंच नाही. तपासनीसांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा हसू मावळलं. मालक लगेच सावरले. म्हणाले, ही तांत्रिक बाब आहे, ऑफिसात बसून बोलू, चारचौघांत तमाशा नको. वहिनी म्हणाली, की तमाशा तुम्ही इथे लावलात, मी फक्त तुम्हाला बघायला बसवलं. हेच ते तोंड, ज्यामुळे म्हणे नोकरी गेली.

गेली खरीच. दोन दिवसांनी पत्र आलं, कारण वर्तणूक. पण त्या आधी केंद्राने ते सॉफ्टवेअर बंद केलं होतं, आणि तपासनीसांनी प्रमुखांची परवानगी यायच्या आत एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली होती. आता माझ्या दाराबाहेर बाकावर पुन्हा जागा नसते. एवढ्या मुलांना मध्यंतरी सगळ्यांनी मठ्ठ, हट्टी, वांड ठरवलं होतं. लगदा भरताना मी त्यांच्या कानांकडे बघते आणि मला अजूनही संताप येतो. मालक मात्र धंद्यात आहेत. नवीन आवृत्ती काढली, तिच्या जाहिरातीत लिहिलंय, आवाजासाठी खास स्वतंत्र व्यवस्था. चोराच्या उलट्या बोंबा!

पण मालक केंद्रात आले त्या दिवशीचं अजून राहिलं. वहिनीने कपाटातला जुना कॉम्प्युटर काढून त्यावर तिची पूर्वीची आवृत्ती चालू केली होती. साधा, करडा पडदा, त्यावर हलत काहीच नाही. मालक निघायला लागले तशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, एक मूल बघून जा. तपासनीसांनी त्या मुलीला आत नेलं, हेडफोन लावले, ठोकळा दिला. मुलगी सरावलेली होती, नीट बसली. जाड सूर सोडले, ठोकळे पडले. मग सूर बारीक होत गेले. एके ठिकाणी ठोकळा कानाशीच राहिला. तपासनीसांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी इतका, की मिटलेल्या जाड दारामधून बाहेर आम्हाला बारीकसा ऐकू यायला लागला. मुलगी तशीच बसून होती, शहाण्यासारखी.

तपासनीसांनी आईला सगळं समजावून सांगितलं. डोकं ठीक आहे, कानांत दोष आहे, यंत्र लावलं की शिकेल. मला वाटलं, बाईला हायसं वाटेल, नाहीतर ती भांडेल तरी. तिने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तुमचा पहिला कागद आला ना, त्या संध्याकाळी मी हिला मारलं," ती म्हणाली. "तोवर कधी हात लावला नव्हता. मला वाटलं, ऐकू येतंय, मुद्दाम सोंग करते. मग रोजच मारायला लागले."

मग मालक पुढे झाले आणि मवाळ आवाजात म्हणाले, "बाई, यात तुमची काही चूक नाही."

"मग कुणाची आहे ते सांगा," वहिनी म्हणाली. "त्या समोर उभ्या आहेत. सांगा त्यांना."

मालकांनी रंगाऱ्यांकडे पाहिलं, रंगाऱ्यांनी हातातल्या माहितीपत्रकाकडे. काचेपलीकडे मुलगी अजून बसलेली होती. ठोकळा कानाशी धरलेला, नजर तपासनीसांवर. तपासणी संपली, असं तिला जाऊन सांगायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.